कधी दुखतं, ते सांगा

कसाल म्हटलं की बहुतेकांना तिठाच आठवतो. मुंबई-गोवा महामार्ग सोडून मालवणला जाणारी वाहनं इथे वळतात. चाकरमानी इथे एसटीतून उतरतात, चहा घेतात आणि पुढे निघून जातात. आमचं घर त्याच मालवण रस्त्याला, महामार्गाच्या गोंगाटापासून थोडं आत आहे. शेजारी मामूंचं घर, आणि दोन्ही घरांच्या मध्ये पत्र्याची एक शेड. त्या शेडमध्ये मामूंची गाडी उभी असते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुलं मला आपा म्हणतात. बी.एड.ला असताना ‘निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन’ हा धडा मी पाठ करून लिहिला होता आणि त्यात गुणही बरे पडले होते. त्या धड्याचा अर्थ मात्र मला पुढे फार उशिरा, एका गॅरेजात उभं राहून कळला. म्हणून हे लिहिते आहे.

मामू कुवेतला वीस वर्षं होते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतला एकेक माणूस जसा आखाती देशांत असतो, तसेच. परत आल्यावर लोक घर बांधतात, मुलींची लग्नं करतात. मामूंनी तेही केलं, पण त्याआधी मुंबईहून एक जुनी गाडी विकत आणली. पिवळी धमक, ठेंगणी, मागे छोटा पंख असलेली ऑक्टेव्हिया आर.एस. घरात त्यावरून बराच वाद झाला. अब्बा म्हणाले, ‘‘या पैशात दोन रिक्षा आल्या असत्या.’’ मामू फक्त हसले.

ही गाडी २००४ साली भारतात आली. स्कोडा कंपनीने २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्याला कारखाना सुरू केला होता. झेक देशातून आलेले सुटे भाग तिथे जुळवले जात. त्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. पेट्रोलवर चालणारी आणि टर्बो असलेली मोटार त्या काळी आपल्याकडे नवलाची गोष्ट होती. इंजिन अवघं १.८ लिटरचं, चार सिलिंडरचं, पण ताकद १५० अश्वशक्तीची. मामूंना हे आकडे तोंडपाठ होते. आमच्याकडे पाहुणे आले की जेवणाआधी त्यांना हे ऐकावंच लागे.

टर्बो हा शब्द तसा आपल्याला नवा नाही. ट्रकच्या मागे तो रंगवलेला आपण पाहतो. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक डिझेल गाड्यांत टर्बो असतोच. पण तो करतो काय, हे मला मामूंनीच सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी फुकट जातो. त्या धुराच्या वाटेत एक छोटं चक्र बसवतात. धुराच्या जोरावर ते फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आधी ती मोठ्या डिझेल इंजिनांत रुजली. अमेरिकेत १९६२ मध्ये पहिल्यांदा विक्रीच्या मोटारींत टर्बो आला. मामू म्हणायचे, ‘‘बेटा, जे वाया जातंय त्यातून ताकद काढायची. गरिबाच्या घरासारखंच आहे हे.’’

याच गाडीवर त्यांनी मला चालवायला शिकवलं. गावात तेव्हा गाडी चालवणाऱ्या आमच्या समाजातल्या मुली नव्हत्याच म्हणा ना. लोक बोलले. मामूंनी गाडीच्या काचा खाली करायला सांगितल्या आणि म्हणाले, ‘‘बघू दे त्यांना नीट.’’

२०२१ च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मामू गेले. जनाजा उचलायला मोजकी माणसं होती. त्यांना मुलगा नाही. एकच मुलगी, ती मुंब्र्याला असते. चाळिसाव्यानंतर मामींनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि काही बोलल्या नाहीत. मीही ती कपाटात ठेवून दिली. अडीच वर्षं गाडी शेडमध्येच राहिली. कोकणातले तीन पावसाळे तिने उभ्याने काढले.

मग प्रश्न उभा राहिला कागदांचा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली. २०२० मध्ये मामूंनी एकदा ती वाढवून घेतली होती. पुढची मुदत फेब्रुवारी २०२५ ची होती. तोवर गाडी चालती झाली नाही, तर भंगारात द्यायची असं घरात ठरलं. मामेबहीण फोनवर म्हणाली, ‘‘अम्मींना रोज ती गाडी दिसते आणि त्रास होतो. विकून टाक.’’ तिचंही चूक नव्हतं.

डिसेंबर २०२३ मध्ये मी नवी बॅटरी बसवली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, ऑइल बदललं. गाडी सुरू झाली. मामी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. पण ते इंजिन नुसतं उभ्या जागी सुद्धा धड चालेना. आवाज वर जाई, खाली येई, जणू धाप लागली आहे. रस्त्यावर नेली तर सपाटीवर बरी चालायची. चढ आला आणि पाय दाबला की मान टाकायची. मागून काळा धूर यायचा आणि समोर पिवळा दिवा पेटायचा.

इथून माझी वणवण सुरू झाली. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, अर्ध्या मिनिटात मिटलं आणि म्हणाला, ‘‘टर्बो गेला. साठ-सत्तर हजार धरून चाला.’’ काय तपासलं, हे मी विचारलं तेव्हा त्याने माझ्याऐवजी माझ्या धाकट्या भावाकडे बघून उत्तर दिलं. भावाला गाडीतलं काहीही कळत नाही. दुसरं गॅरेज घाटावरच्या मोठ्या शहरातलं. तिथे संगणक लावला. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कोड आला, म्हणून सेन्सर बदलला. फरक पडला नाही. मग प्लग बदलले, मग पेट्रोलचा पंप. एकोणीस हजार रुपये झाले आणि गाडी होती तशीच. घरी आल्यावर मी हिशेबाचा कागद मामींना दाखवलाच नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत तिठ्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींचं नाव कुणीतरी सुचवलं. साठीचा माणूस, मुंबईत पूर्वी परदेशी गाड्यांवर काम केलेला, आता गावी येऊन ट्रक-टेम्पोची कामं करणारा. मी गाडी नेली आणि सवयीने सांगायला सुरुवात केली, की टर्बो गेलाय म्हणतात, सेन्सर बदललाय... त्यांनी हात वर केला.

‘‘बाईनू, गाडी कधी दुखता तां आदी सांगा. खंय दुखता तां मगे बघू.’’

मग प्रश्नांवर प्रश्न. सकाळी थंड असताना जास्त होतं की गरम झाल्यावर? कितव्या गियरमध्ये? काटा कितीवर असताना? चढावर की भार असला की कुठेही? धूर नेहमी येतो की पाय दाबल्यावरच? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता येईनात. इतके महिने ज्या गाडीच्या मागे लागले होते, तिच्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. मिस्त्री म्हणाले, दोन दिवस चालवा, वहीत लिहून आणा. मास्तरीण बाईला गृहपाठ मिळाला!

वही घेऊन गेले तेव्हा चित्र पुष्कळ स्पष्ट झालं होतं. थंड-गरमचा संबंध नव्हता. अडीच हजार फेऱ्यांच्या खाली गाडी निमूट चालत होती. त्याच्या वर, पाय दाबला की त्याच क्षणी मार खात होती. मिस्त्री माझ्या शेजारी बसले. सगळ्या काचा खाली करायला लावल्या आणि तिसऱ्या गियरमध्ये चढावर गाडी घ्यायला सांगितली. काटा अडीच हजारांवर गेला आणि पुढून ‘फुस्स’ असा बारीक आवाज आला. सायकलची ट्यूब फुटल्यासारखा. मी इतके दिवस काचा बंद करून चालवत होते. मामूंनी काचा खाली करायला सांगितलं होतं, ते मी विसरले होते.

परत आल्यावर त्यांनी एकेक संशयित बाजूला काढायला घेतला. प्रथम टर्बोच. हवेचा पाइप सोडवून त्यांनी चक्राचा दांडा बोटाने हलवून पाहिला. बाजूला किंचित हलतो, तेवढं चालतं, कारण तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. पण आत-बाहेर सरकला किंवा पातं भिंतीला घासलं तर टर्बो संपला समजायचा. आमचा सरकत नव्हता, घासतही नव्हता. म्हणजे साठ-सत्तर हजारांचं ते निदान अर्ध्या तासात खोटं ठरलं. मग पाय सोडल्यावर जादा दाब मोकळा करणारी झडप काढली. तिची नळी पुसून तोंडाने हवा ओढून धरली. पडदा शाबूत होता.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आजही वर्गात सांगते. पाणपुरवठ्याच्या पीव्हीसी पाइपाचं टोपण घेतलं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला आणि ते टोपण टर्बोच्या तोंडाच्या पाइपात क्लिपने आवळलं. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवेची नळी आणली. इंजिन बंद. हळूहळू हवा भरली, फार नाही, अर्धा बार. गाडीच्या टायरात असते त्याच्या साधारण पाव हिस्सा. टर्बो या गाडीत जवळपास तेवढाच दाब देतो. मग बादलीत साबणाचं पाणी करून प्रत्येक सांध्यावर शिंपडलं. दाबलेली गरम हवा थंड करणारा जो छोटा रेडिएटर पुढच्या चाकाजवळ असतो, त्याच्या मागच्या रबरी पाइपाच्या पोटातून बुडबुडे आले. पाइप हाताने चाचपला तर वरून धडधाकट. खालच्या बाजूला बोटभर लांब भेग. ऑइलने मऊ पडलेल्या जुन्या रबराची. हवा नसली की ती मिटलेली असे. दाब आला की ओठ उघडावेत तशी उघडे.

‘‘दाब नसताना माणूस पन बराच दिसता,’’ मिस्त्री म्हणाले आणि हात पुसायला गेले.

मी विचारलं, मग संगणकाने सेन्सरचं नाव का घेतलं? त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. समजा, दहा शेर तांदूळ मोजून देगेकडे पाठवले आणि त्या हिशेबाने मीठमसाला टाकला. वाटेत पोतं फाटून तीन शेर तांदूळ सांडले. बिर्याणी खारट होणारच. मोजणाऱ्याची चूक नाही, आचाऱ्याचीही नाही. सेन्सर हवा मोजत होता, संगणक त्या मापाने पेट्रोल देत होता, आणि मधल्या मध्ये हवा गळत होती. म्हणून पेट्रोल जादा, म्हणून काळा धूर, म्हणून ताकद नाही. ‘‘कोड खोटा नाय. पन तो अर्धाच सांगता,’’ असं ते म्हणाले. साक्षीदाराला कुणी न्यायाधीश करू नये, एवढाच त्याचा अर्थ.

पाइप मुंबईहून कुरिअरने आला, बावीसशे रुपयांना. गाडी चढावर खेचू लागली. पण उभ्या जागी धाप लागणं काही थांबलं नाही. माझा चेहरा पडला. मिस्त्रींना नवल वाटलं नाही. एका दुखण्याच्या मागे दुसरं लपलेलं असतं, पहिलं गेल्याशिवाय ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं चालू इंजिनाच्या कानाकोपऱ्यांतून फिरवलं, डॉक्टर छातीवर नळी फिरवतात तसं. एका जागी थांबले आणि नळी माझ्या कानाला लावली. आत बारीक शीळ वाजत होती. उंदराने कुरतडलेली, करंगळीएवढी एक नळी होती ती. अडीच वर्षांच्या मुक्कामाचं भाडं! इथून न मोजलेली हवा आत शिरत होती. वर गळती, खाली चोरी. म्हणून लक्षणांचा मेळ लागत नव्हता. त्या नळीचे साठ रुपये झाले.

जाता जाता त्यांनी दोन कामं सांगितली. मी भरलेलं जाड ऑइल काढून टाकून गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचं सिंथेटिक ऑइल घालायचं. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतं आणि त्याच्या एका अंगाला भट्टीसारखा धूर असतो. जाड, जुनं ऑइल तिथे करपतं आणि त्याचा गाळ वाटा बंद करतो. दुसरं, पेट्रोलच्या रबरी नळ्या दरवर्षी बघायच्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि वीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आता जे सांगते ते सांगायला मला संकोच वाटतो, पण त्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

आमच्या आठवीत एक मुलगी होती. गणितात तोंडी विचारलं तर पटकन सांगायची, चाचणीच्या पेपरात मात्र चार-पाच गुण. मागच्या वर्षीच्या पालकसभेत मी तिच्या अम्मीला सांगून मोकळी झाले होते, ‘‘हिचं डोकं अभ्यासात चालत नाही.’’ आठवीनंतर तिला घरी बसवायचं त्यांनी ठरवलं, यात माझ्या त्या वाक्याचा वाटा होता. उपाय म्हणून मी काय केलं होतं? जास्तीची वही दिली, जागा बदलली, गाईड आणायला लावलं. म्हणजे सेन्सर, प्लग आणि पंप.

त्या जूनमध्ये मी तिच्यासाठी वही घातली. ‘का’ विचारलं नाही, फक्त ‘कधी’ लिहीत गेले. तीन आठवड्यांत दिसलं की दुपारच्या तासांना ती इतरांसारखीच आहे, किंबहुना बरी. सगळं बिघडतं ते पहिल्या दोन तासांत. आणि आमच्या चाचण्या नेहमी पहिल्याच तासाला असतात. एके दिवशी मधल्या सुट्टीत शेजारी बसवून मी तिला सकाळपासूनचा दिवस सांगायला लावला. अम्मी पहाटेच्या गाडीने मासळी विकायला जाते. भाकरी करणं, धाकट्याला आंघोळ घालून तयार करणं, पाणी भरणं हिच्याकडे. एसटी चुकू नये म्हणून स्वतः काही न खाता धावायचं. तिच्या पोटात पहिला घास जायचा तो शाळेच्या खिचडीचा, दुपारी.

मी घरी आले आणि बराच वेळ काही सुचलं नाही. पेपरात चार गुण पडतात, एवढंच आम्हाला दिसत होतं. साक्षीदाराला न्यायाधीश मीच केलं होतं.

मुख्याध्यापकांना विनंती करून आमच्या वर्गाची चाचणी खिचडीनंतरच्या तासाला घेतली. सकाळी मी डब्यात दोन चपात्या जास्त नेऊ लागले आणि तिच्यासह आणखी तिघी पहिल्या तासाआधी खातात, असं लक्षात आलं. पहिल्या घटक चाचणीत ती पहिली वगैरे आली नाही. पण वर्गात मधे कुठेतरी आली, आणि पुढच्या चाचणीत त्याच्याही वर. मी तिच्या घरी गेले आणि तिच्या अम्मीची माफी मागितली. त्या बिचाऱ्या गडबडल्या, म्हणाल्या, ‘‘आपा, तुम्ही कशाला?’’ मुलगी नववीत गेली. धाकट्याला तयार करायचं काम आता तिचे अब्बा करतात. सगळंच सुटलं असं नाही. अजून कधीकधी ती उपाशी येते. पण आता ती सांगते.

नोव्हेंबरमध्ये मामींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, कोल्हापूरला. मामेबहीण म्हणाली, भाड्याची गाडी करा. मामी म्हणाल्या, ‘‘घरात गाडी असताना?’’ तीन वर्षांत त्या प्रथमच गाडीविषयी बोलल्या. कणकवलीवरून फोंडा घाटाने निघालो. घाट लागला तसे माझे तळवे ओले झाले. पहिल्या वळणानंतर तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला. काटा अडीच हजारांवर गेला, आणि पाठीला कुणीतरी हात लावून पुढे ढकलावं तशी गाडी वर निघाली. मामींनी काच खाली केली आणि बाहेर बघत राहिल्या.

कोल्हापूरला दवाखान्यासमोर गाडी लावली आणि मी इंजिन लगेच बंद केलं नाही. मिस्त्रींनी बजावलं होतं, की घाट चढून आल्यावर मिनिटभर तसंच चालू ठेवा. तापलेल्या चक्रावरून ऑइल वाहू द्या, मग किल्ली फिरवा. मी घड्याळाकडे बघत बसले होते. मामी हळूच म्हणाल्या, ‘‘ते पण असेच बसून राहायचे गाडीत. अंगणात आले तरी उतरायचे नाहीत. मला वाटायचं, घरात यायचा कंटाळा आहे यांना. कितीदा भांडले मी त्यावरून.’’

मी त्यांना टर्बोचं सांगितलं, ऑइलचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘एवढंच होतं?’’

‘‘एवढंच, मामी.’’

मिनिट होऊन गेलं तरी आम्ही आणखी थोडा वेळ तशाच बसलो.

फेब्रुवारीत गाडीची तपासणी झाली, मामींच्या नावावर पाच वर्षांसाठी नोंदणी वाढली. त्या वहीत आता दोन भाग आहेत. पुढून गाडीचं लिहिते, उजवीकडून डावीकडे, उर्दूत. मागून वर्गाचं लिहिते, मराठीत. दोन्हीकडे पहिला रकाना एकच आहे: कधी?